शोजीची बाजू

गंगापूर रोड, नाशिक
१२ जानेवारी

प्रिय दीपक,

पेनड्राइव्ह जीपवाल्या खाजाभाईंच्या हातात दिला आहे. त्यांनी तो शर्टाच्या खिशात घालून वर बटण लावलं, म्हणजे सुरगाण्यापर्यंत सुखरूप पोचेल. त्यात आपल्या जपानी मालिकेचे, ‘अराशिगर’चे एकोणतीस ते एकतीस असे तीन भाग आहेत, हिंदी डबिंगसकट. एकतिसावा बघताना हातातला चहा आधी खाली ठेव.

आणि माझं मत आत्ताच सांगून टाकते. शोजीचं काहीही चुकलेलं नाही.

लगेच उसळू नकोस, ऐक. लाल चिलखतवाला रेन तुझा लाडका, लहानपणापासूनचा. मे महिन्याच्या सुट्टीत मी तुमच्याकडे नांदगावला यायचे, तेव्हा मावशीची बांगडी मनगटावर फिरवत तू ‘वाऱ्या, चिलखत दे!’ असं ओरडत माळ्यावरून गादीवर उडी मारायचास. नव्या भागांतही रेन तसाच आहे, धाडसी आणि बिनडोक. त्याचा थोरला भाऊ शोजी, निळ्या चिलखतातला. तो डॉक्टर आहे. त्याला कळतं की हे चिलखत रेनचं हृदय पोखरतंय. आणखी दोनदा घातलं तर रेन मरणार. हे रेनला सांगितलं तर तो काय म्हणेल? ‘दोनदा तर दोनदा’ म्हणून हसेल आणि निघेल लढायला. म्हणून शोजी गुपचूप त्याचं चिलखत बोलावणारं कडं निकामी करतो, आणि शत्रू कुठे उतरणार याची खोटी जागा सगळ्यांना सांगतो. रेन वाचतो. खरा हल्ला होतो कामिनातो बंदरावर, आणि तिथे कुणीच नसतं.

बंदर बुडालं, मान्य. पण ते शत्रूनं बुडवलं, शोजीनं नाही. त्यानं भाऊ वाचवला. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि तुला कळूसुद्धा दिलं नसतं.

फोन करत बसू नकोस. तू टेकडीवर चढून रेंज शोधतोस आणि भांडण रंगात आलं की आवाज तुटतो. मुद्देसूद लिहून पाठव. मावशी बरी आहे, तुझ्या लग्नाचं विचारत होती. मी विषय बदलला.

तुझी (आणि शोजीची)
हर्षालीताई


आश्रमशाळा, ता. सुरगाणा
२७ जानेवारी

ताई,

चहा खाली ठेवला होता. बरं झालं, नाहीतर टीव्हीवर फेकला असता.

तुझा शोजी गुन्हेगार आहे. डॉक्टर आहे म्हणून तर दुप्पट गुन्हेगार. हृदय रेनचं, जीव रेनचा, लढायचं की नाही हे ठरवणारा हा कोण? ‘तो ऐकणार नाही’ हे शोजीनं कशावरून ठरवलं? एकदा तरी विचारलं का? माणसाला न विचारता त्याचं भलं करायला निघालेले लोक मी इथे चार वर्षं बघतोय. साहेब येतात, पाड्यावर काय हवं ते स्वतःच ठरवतात, फोटो काढतात आणि जातात. तुझा शोजी त्याच रांगेतला.

आता इथली गंमत ऐक. शनिवारी संध्याकाळी मी तिन्ही भाग शाळेच्या मोठ्या टीव्हीवर लावले. दीडशे मुलं चिडीचूप. कामिनातोत पाणी शिरलं तेव्हा पहिलीतल्या पोरी रडल्या. भाग संपल्यावर म्हटलं, ‘शोजी बरोबर म्हणणाऱ्यांनी खिडकीकडे बसा, चूक म्हणणाऱ्यांनी दाराकडे.’ खिडकीकडे तुझे चाळीसेक निघाले, वाईट वाटून घेऊ नकोस. मधोमध एकटी निकिता भोये बसून राहिली. दहावीत आहे, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. म्हटलं, ‘तुझं काय?’ तर म्हणते, ‘सर, रेनला विचारल्याशिवाय मी कशी सांगू?’

सगळे हसले. मला मात्र वाटलं, या पोरीनं एका वाक्यात तुझी दोन पानं फाडली.

निकिताचे आई-वडील सध्या तुमच्याच बाजूला, दिंडोरीकडे द्राक्षबागेवर कामाला आहेत. दिवाळीनंतर अर्धा गाव तिकडे उतरतो. ती इथे वसतिगृहात. घरात लिहिता-वाचता येणारी तीच पहिली. मला तिला नर्सिंगला नाहीतर त्याहून वर पाठवायचं आहे. परीक्षा येत्या महिन्यात. जादा तास घेतोय, पहाटे साडेपाचला.

पुढचे भाग आले की पाठव. तुझा वकिलीचा धंदा मात्र बंद कर.

दीपक


नाशिक
९ फेब्रुवारी

प्रिय दीपक,

बत्तीस ते चौतीस पाठवतेय. चौतिसाव्यात रेनला सगळं कळतं आणि तो शोजीच्या तोंडावर थुंकतो. बघून तू नाचशील, म्हणून आधीच सांगितलं.

दर रविवारी आम्ही नऊ जण कॉलेज रोडच्या एका कॉफीच्या दुकानात जमतो. सगळे अराशिगरवाले. सगळ्यात लहान अलिशा, इंजिनिअरिंगला आहे, अंगात लाल टी-शर्ट, कायम तुझ्या पक्षाची. गेल्या रविवारी ती टेबलावर हात आपटून म्हणाली, ‘बंदरातल्या अकराशे माणसांचं काय? त्यांना भाऊ नव्हते?’ मी म्हटलं, ‘होते. पण ते शोजीचे नव्हते.’ दुकानदारानं आम्हाला आवाज कमी करायला सांगितलं.

तुला माझं खरं कारण सांगते. मी रोज फिजिओथेरपीला आलेल्या बारा पेशंटचे गुडघे वाकवते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाशी मी खोटं बोलते. ‘आजी, आता फक्त पाच वेळा,’ म्हणते आणि वीस वेळा करून घेते. एका काकांना वाटतंय की ते दिवाळीपर्यंत पुन्हा गड चढतील. त्यांचे नाही चढायचे पाय. पण मी ते सांगितलं तर ते उद्यापासून येणारच नाहीत आणि आहे तेवढं चालणंही जाईल. माणसाच्या भल्यासाठी त्याच्यापासून काही राखून ठेवणं हा माझ्या कामाचा भाग आहे. तू मास्तर आहेस, तुझ्याही असणार. कबूल कर.

तुझ्या निकिताचं वाक्य आमच्या टेबलावर वाचून दाखवलं. अलिशा टाळ्या वाजवायला लागली. मी म्हटलं, दहावीचं वर्ष आहे, पोरीला टीव्ही कमी दाखव.

हर्षालीताई


आश्रमशाळा
४ मार्च

ताई,

घाईत लिहितोय. परीक्षा चालू आहे, मुलांना पेपराला केंद्रावर नेऊन आणावं लागतं.

एक काम आहे. तुझ्याकडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात हिरामण भोये नावाचे गृहस्थ आहेत. निकिताचे वडील. द्राक्षाचे क्रेट भरलेल्या ट्रॅक्टरवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. सोबत त्यांची बायको मालनबाई आहे. तिला शहराची माहिती नाही. तू एकदा जाऊन येशील का? काही लागलं तर बघ. हाडांचं तुला कळतं.

आणि शोजीबद्दल. परवा चौतिसावा भाग पुन्हा पाहिला. तुझं म्हणणं काही अंशी पटतंय. काही वेळा सगळं सांगून काहीच साधत नाही. चार दिवस थांबलं तर कुणाचं मोठं नुकसान टळतं, आणि ते टाळणं ज्याच्या हातात असतं त्यानंच ते ओझं उचलायचं असतं. रेन थुंकला ते मला आवडलं नाही.

दीपक


नाशिक
६ मार्च

प्रिय दीपक,

थांब, हे पत्र मी फ्रेम करून लावणार आहे! ‘तुझं म्हणणं पटतंय’ हे शब्द तुझ्या हातून, तेही निळ्या शाईत! अलिशाला दाखवलं. ती म्हणाली, ‘दीपकदादा फितूर झाला.’ मी सगळ्यांना कॉफी पाजली.

काय झालं रे असं? दहावीच्या मुलांनी वाकवलं का तुला? असो, विजेत्यानं फार विचारू नये.

हिरामणभाऊंकडे रविवारी जाते. मांडीचं हाड म्हणजे सळई घालावी लागेल, ऑपरेशन होऊनही गेलं असेल. पुढचे व्यायाम मी शिकवीन, काळजी करू नकोस. निकिताला सांग, तिचे बाबा चांगल्या हातांत आहेत. पेपर नीट दे म्हणावं.

विजयी
हर्षालीताई


नाशिक
रविवार, ९ मार्च

दीपक,

हे पत्र खाजाभाई उद्या सकाळी पहिल्या फेरीत आणतील. वाचशील तिथेच थांब.

मी आज दवाखान्यात गेले होते. हिरामणभाऊंचं ऑपरेशन झालेलं नाही. सात दिवस झाले, ते पायाला वजन बांधून पलंगावर पडून आहेत. डॉक्टर रोज कागद घेऊन येतात, आणि ते रोज अंगठा द्यायला नकार देतात. मी विचारलं, ‘का हो, भाऊ?’ तर म्हणाले, ‘निकी आल्याबिगर नाय. ती कागद वाचल, मंग अंगठा.’

मी म्हटलं, मी वाचते. त्यांनी हात जोडले. म्हणाले, ‘बाई, तुमी चांगल्या हाव. पण माझ्या भावानं एकदा दुसऱ्यानं वाचलेल्या कागदावर अंगठा दिला, नाल्याकडचं वावर गेलं. आता घरात वाचणारी हाय. तिला शिकवली ती कशाला?’

मी म्हटलं, ‘परीक्षा आहे तिची. तिला कळवलं तरी आहे का?’ तेव्हा मालनबाई बोलल्या, मान खाली घालून. ‘पडले त्याच दिशी निरोप धाडला. खाजाभाईनं सरांच्या हातात चिठ्ठी दिली. मुकादमाकडून लिहून घेतली व्हती. पोरगी आली नाय.’

आणि हिरामणभाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाले, ‘शिकली ना आता. लाज वाटत असंल आमची.’

दीपक, मी वीस वर्षांच्या पोरांपासून ऐंशीच्या म्हाताऱ्यांपर्यंत लोकांना दुखण्यानं ओरडताना ऐकलंय. हे त्यातलं नव्हतं. हा माणूस ओरडत नव्हता.

निकिताला निरोप मिळालेलाच नाही, हे मला तिथेच उभ्या उभ्या समजलं. ‘चार दिवस थांबलं तर’ म्हणजे काय, तेही समजलं. आणि मी त्या पत्रावर कॉफी पाजली होती.

डॉक्टरांशी बोलले. हाडाची टोकं एकमेकांवर सरकलीत. जितका उशीर तितकं ते जागेवर आणणं कठीण. पाय आखूड राहू शकतो. पडून राहून रक्ताची गाठ झाली तर त्याहून वाईट.

शोजीची बाजू मी दोन महिने लढले. आज मी कामिनातो बंदर बघून आले. त्याचं नाव हिरामण आहे आणि ते पलंग क्रमांक चौदावर आहे.

तिला सांग. आज. हे पत्र वाचून झाल्यावर लगेच.

हर्षाली


आश्रमशाळा
सोमवार, १० मार्च

ताई,

हे पत्र तुझ्या हातात देणारी मुलगी म्हणजेच निकिता. आधी तिला काहीतरी खायला दे. पहाटे निघालेली असेल, आणि आदल्या रात्रीही जेवलेली नाही. मग वाच.

चिठ्ठी दोन तारखेला, रविवारी आली. तीत एवढंच होतं, ‘वडील ट्रॅक्टरवरून पडले, पाय मोडला, नाशिकला दवाखान्यात. निकिताला पाठवा.’ कागदाचं, अंगठ्याचं काही नव्हतं. मी हिशेब केला. पाय मोडला आहे, जीव धोक्यात नाही. आई जवळ आहे. मुलगी गेली तर घाबरून जाईल, तिथेच राहील, पेपर बुडतील, वर्ष जाईल. आमच्याकडे ज्या मुलीचं वर्ष जातं, तिचं पुढच्या वर्षी लग्न होतं. मी अशा तीन पोरी बघितल्यात. चौथी होऊ द्यायची नाही असं ठरवलं. चिठ्ठी वहीत घातली. परीक्षा संपली की सांगायचं, तोवर तुला पाठवून लक्ष ठेवायचं. मला हे सगळं इतकं शहाणपणाचं वाटत होतं की मी रोज पहाटे तिला विज्ञान शिकवताना तिच्या डोळ्यांत बघून बोलत होतो.

आज केंद्रावरून परतलो तेव्हा खाजाभाईंनी तुझं पत्र दिलं. निकिता पेपर देऊन परत आली होती, पायरीवर बसून उत्तरं ताडून बघत होती. मी शेजारी बसलो आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली.

तिनं वाचली. मग विचारलं, ‘सर, ही कधी आली?’

‘मागच्या रविवारी.’

ती रडली नाही. बोटांवर मोजायला लागली. ‘सोमवारी हिंदी झाला. मंगळवार-बुधवार सुट्टी होती. गुरुवारी बीजगणित.’ थांबली. मग म्हणाली, ‘मंगळवारी पहाटे खाजाभाईंबरोबर गेले असते तर बुधवारी रात्री इथं असते, सर. एकपण पेपर बुडला नसता.’

ताई, ते वेळापत्रक मीच तीन रंगांत लिहून वर्गाच्या भिंतीवर लावलंय. आठ दिवस मी रोज त्याच्यासमोर उभा राहून शिकवत होतो. मधले दोन मोकळे दिवस मला दिसले नाहीत. मी ‘शाळा की बाप’ एवढंच बघितलं. तिला विचारलं असतं तर तिनं पंधरा सेकंदांत सांगितलं असतं, जसं आज सांगितलं.

मग मी तिला तुझ्या पत्रातलं बाकीचं सांगितलं. अंगठ्याचं, आणि ‘लाज वाटत असंल’ हेही. तिनं मान फिरवली. मग उठून म्हणाली, ‘पुढचा पेपर गुरुवारी. उद्या जाते, परवा येते. वही घेऊन जाऊ ना? जीपमध्ये वाचता येईल.’

मी म्हटलं, ‘मी सोबत येतो.’

‘नको, सर,’ म्हणाली. ‘तुम्ही नको.’

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दीपक


नाशिक
गुरुवार, १३ मार्च

प्रिय दीपक,

आज ती पेपरला बसली असेलच. तू तिला केंद्रावर सोडलंस का, की तिनं तिथेही ‘तुम्ही नको’ म्हटलं? तरी सांगते काय झालं ते.

मंगळवारी साडेदहाला ती माझ्या दारात आली. हातात तुझं पत्र, पाठीवर दप्तर. पोहे खाल्ले, बशी स्वतः धुतली. रिक्षात एकच प्रश्न विचारला, ‘मॅडम, त्या कागदावर काय काय असतं?’ मी सांगायला लागले, तर म्हणाली, ‘नको, मीच वाचते.’

वॉर्डात शिरल्यावर मालनबाईंनी तिला आधी एक धपाटा घातला आणि मग जवळ घेतलं. निकिता पलंगाच्या कडेला टेकली. म्हणाली, ‘पेपर चालू व्हते, बाबा. मलाच यायला उशीर झाला.’

तुझं नाव तिनं घेतलं नाही. मी तिथेच उभी होते. तोंड उघडणार होते, तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. ते बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. पण ती गोष्ट माझी नव्हती.

मग डॉक्टर आले. तरुण आहेत, नऊ दिवस नकार ऐकून वैतागलेले. निकितानं कागद मागून घेतला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. वाक्य वाचायची, मग तुमच्याकडच्या बोलीत बापाला सांगायची. एका ठिकाणी अडली. ‘डॉक्टर, इथं लिहिलंय की गरज पडल्यास वेगळी शस्त्रक्रिया करू. वेगळी म्हणजे कोणती?’ डॉक्टरांनी समजावलं. ‘पाय कापायचा असला तर आधी विचाराल?’ डॉक्टर म्हणाले, ‘विचारू.’ ‘मग ते इथं लिहा.’ दीपक, त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं! खाली सही केली! शेजारच्या तीन पलंगांवरची माणसं उठून बसली होती. एक म्हातारे म्हणाले, ‘पोरी, माझापण कागद वाच.’ तिनं त्यांचाही वाचला.

हिरामणभाऊंनी अंगठा दिला. देताना म्हणाले, ‘आता कापला तरी चालंल.’ निकिता म्हणाली, ‘नाय चालणार, बाबा, लिहून घेतलंय.’

काल सकाळी ऑपरेशन झालं. सळई नीट बसली आहे. पाय पाऊण इंच आखूड राहील. बुटात जाड तळ घातला की चालता येईल. पहिल्या दोन दिवसांत झालं असतं तर कदाचित एवढंही राहिलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. तुला सांगायचं नाही असं एकदा मनात आलं होतं, खरंच आलं होतं. मग सांगायचं ठरवलं.

ते शुद्धीवर आल्यावर ती एक वाजताच्या एसटीनं निघाली. मी तिला स्टँडवर सोडलं. खिडकीत बसल्या बसल्या तिनं विज्ञानाची वही उघडली.

आणि माझंही ऐक. गड चढायची स्वप्नं बघणाऱ्या त्या काकांना मी आज समोर बसवून खरं सांगितलं. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, ‘पायथ्याचं देऊळ जमेल का?’ म्हटलं, जमेल. ‘मग ते सांगायचं ना आधी,’ म्हणाले. उद्याची वेळ ठरवून गेले.

शेवटचा भाग पाठवतेय. मी अजून बघितलेला नाही. धीर होत नाहीये.

हर्षालीताई


आश्रमशाळा
३१ मार्च

ताई,

शेवटचा भाग आम्ही पंधरा तारखेला बघितला. तुझा झाला असेल तर पुढचं वाच, नाहीतर इथे थांब.

शोजी रेनच्या आडवा येतो, वार स्वतःच्या छातीवर घेतो आणि मरतो. संगीत काय, पाऊस काय, पडणारी पानं काय! मोठी मुलं डोळे पुसत होती, मीसुद्धा. मला वाटलं, सुटला बिचारा, सगळं फेडलं. तेवढ्यात आठवीतली एक मुलगी मागून म्हणाली, ‘सर, पण त्या बंदरातल्या लोकांना त्यानं सांगितलंच नाय, मी केलं म्हणून.’ दुसरी म्हणाली, ‘मेला ना, आता कसा सांगल?’

टीव्ही बंद करून मी झोपायला गेलो आणि झोप लागली नाही. निकितानं माझं नाव घेतलं नव्हतं हे तुझ्या पत्रातून कळलं होतं. मला त्यात बरं वाटलं होतं, ताई. पोरगी मोठ्या मनाची आहे असं म्हणून मी विषय संपवला होता. तिचा बाप तिलाच दोषी धरून बसलाय, हे मी सोयीनं विसरलो होतो.

सतरा तारखेला परीक्षा संपली. निकिताशी मी शेवटच्या दिवशी बोललो. ‘मी येऊन बाबांना सांगणार आहे. तुझी हरकत आहे का?’ आधी विचारलं. तिनं विचार केला. म्हणाली, ‘त्यांना घरी येऊ द्या. दवाखान्यात नको. तिथं त्यांना उठून जाता येत नाय.’

काल रविवारी गेलो. गावापर्यंत जीप जात नाही, पुढे तासभर चालत. हिरामणभाऊ ओट्यावर बसले होते, काठ्या भिंतीला टेकलेल्या. मालनबाई नागलीची भाकरी थापत होत्या. निकिता दारात उभी राहिली, आत आली नाही.

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी मला मिळाली, मी ती वहीत ठेवली, निकिताला काही माहीत नव्हतं, तुमचा पाय माझ्यामुळे आखूड राहिला. काही पुढेमागे केलं नाही. ‘तिच्या भल्यासाठी’ हे शब्द तोंडाशी आले होते, ते गिळले.

मालनबाईंचा हात भाकरीवर थांबला. तव्यावरची करपली. हिरामणभाऊंनी माझ्याकडे बघितलंच नाही, दाराकडे बघितलं. म्हणाले, ‘निके, खरं हाय?’

‘व्हय.’

‘मंग तू का गं बोलली नाय?’

‘सरांनीच सांगायचं व्हतं.’

मग त्यांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तो तसाच. माझ्याकडे वळले तेव्हा आवाज चढलेला नव्हता. ‘मास्तर,’ म्हणाले, ‘निरोप दुसऱ्याचा असतो. वाचणाऱ्याला वाटतं, आपलाच हाय. लिहिता येतं त्याला तर लयच वाटतं.’

मी म्हटलं, ‘चुकलं.’

‘चुकलंच,’ म्हणाले. त्यांनी ‘असू द्या’ म्हटलं नाही. मालनबाईंनी दुसरी भाकरी टाकली आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. निकितानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. जेवताना तिनं स्वतःहून विचारलं, अकरावीचे अर्ज कधी निघतात. मी सांगितलं, मेमध्ये. मला वाटतं कुठे जायचं ते सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, ‘तुझं काय ठरलंय?’ म्हणाली, ‘अजून ठरवतेय. ठरलं की सांगते.’

निघालो तसे हिरामणभाऊ म्हणाले, ‘मास्तर, दिंडोरीवरून जाणं होतं का तुमचं?’

माझं मुळीच होणार नव्हतं. म्हटलं, ‘होतं.’ मग जीभ चावली. म्हटलं, ‘होत नाही. पण जाईन.’

ते पहिल्यांदा हसले. ‘माझा भाऊ सावळीराम अजून तिकडं बागेवरच हाय. त्याला निरोप द्या. म्हणावं, गाय व्याली. कालवड झाली.’

आज शाळेला रजा टाकून गेलो, ताई. दोन जिपा बदलल्या. तीन बागा फिरल्यावर सावळीराम सापडला, डोक्यावर द्राक्षांचा क्रेट. मी म्हटलं, ‘हिरामणभाऊंचा निरोप आहे. गाय व्याली, कालवड झाली.’ त्यानं क्रेट तिथेच खाली ठेवला आणि ओळीतल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. बाया वेलींखालून वाकून बघायला लागल्या. कुणीतरी माझ्या ओंजळीत द्राक्षं ओतली.

‘रंग कोणता?’ सावळीरामनं विचारलं. ‘आईवर गेली का?’

म्हटलं, ‘ते मला माहीत नाही. एवढाच निरोप होता.’

दीपक